गाडीच्या काचेवर धरणारी वाफ : पारख आणि उपाय

मृगाचा पाऊस सुरू झाला की आमच्या गॅरेजमध्ये एक तक्रार हमखास येऊ लागते. "उस्ताद, काच सारखी धुरकट होते. पुसली की पुन्हा तेच." टॅक्सीवाले येतात, मासळीच्या टेम्पोचे चालक येतात, शाळेच्या मुलांची ने-आण करणारे येतात आणि कुटुंबासह गावी निघालेले नोकरदारही येतात. तक्रार सर्वांची एकच असते, पण तिच्यामागची कारणे निरनिराळी असतात. कारण न शोधता केलेला इलाज म्हणजे ग्राहकाचा पैसा वाया आणि जिवाचा धोका तसाच.

हा धोका किती मोठा आहे याचा हिशोब सोपा आहे. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे १४ मीटर पुढे जाते. चालकाने एका हाताने फडके घेऊन काच पुसायला तीन सेकंद लावले तर तेवढ्यात गाडी ४० मीटरहून अधिक अंतर जवळजवळ आंधळेपणाने कापते. तेवढ्या अंतरात एखादा सायकलवाला, एखादे ढोर किंवा रस्ता ओलांडणारे मूल असू शकते. म्हणून ही बाब किरकोळ समजू नये. गाडी चालविणाऱ्या, दुरुस्त करणाऱ्या आणि गाडीचे सामान विकणाऱ्या अशा तिन्ही प्रकारच्या व्यावसायिकांना उपयोगी पडेल अशी माहिती आम्ही येथे अनुभवासह देत आहोत.

बेकरीवाल्या चाचांची व्हॅन

एका पावसाळ्यात चिपळूणकडचे एक बेकरीवाले चाचा आमच्याकडे आले. रोज पहाटे पाव, खारी आणि टोस्ट घेऊन त्यांची व्हॅन कुंभार्ली घाट चढून कोयनानगरच्या दुकानांना माल पोहोचवीत असे. व्हॅन त्यांचा मुलगा चालवी. घाट सुरू झाला की दोन-तीन वळणांत समोरची काच पांढरी होई. त्या आठवड्यात एका वळणावर दूधवाला सायकल ढकलीत चालला होता, तो मुलाला अगदी शेवटच्या क्षणी दिसला. गाडी कठड्याला घासून थांबली. दूधवाला वाचला, मुलगाही वाचला. पण चाचांच्या आवाजात त्या सकाळची भीती अजून होती.

याआधी त्यांनी दोन ठिकाणी काम करून घेतले होते. एके ठिकाणी एसीचा गॅस भरून मिळाला, दुसऱ्या ठिकाणी कूलिंग कॉइल बदलून मिळाली. खर्च बराच झाला, पण काच होती तशीच राहिली.

आम्ही मुलाला शेजारी बसवून एवढेच विचारले, "घाट लागला की तू काय काय करतोस, ते क्रमाने सांग." त्याने सांगितले, "चढणीला इंजिन ओढत नाही म्हणून एसी बंद करतो. ट्रकचा धूर आत येऊ नये म्हणून बाहेरची हवा बंद ठेवतो. पंखा मात्र चालू असतो." मग आम्ही डाव्या बाजूचे फूटमॅट उचलले. खालचा गालिचा ओलाचिंब होता. मागे पाहिले तर भट्टीतून नुकताच काढलेला गरम पाव ओल्या गोणपाटाखाली झाकून ठेवलेला. आजाराची सगळी कारणे समोर होती आणि त्यांपैकी एकाचाही गॅसशी संबंध नव्हता.

एसीचे पाणी बाहेर टाकणारी नळी चिखलाने बुजली होती, ती मोकळी केली. गालिचा काढून दोन दिवस वाळविला. पाव फळ्यांवर थंड करूनच गाडीत भरायचा आणि घाटात एसी बंद करायचा नाही, असे ठरवून दिले. बदलावा असा एकही भाग निघाला नाही. चाचा म्हणाले, "एवढंच होतं तर आधी कुणी सांगितलं का नाही?" हा प्रश्न आम्हा सर्व कारागिरांना आहे. त्याचे उत्तर असे की आपण काच पाहतो, पण काचेवर आलेले पाणी कोठून आले हे शोधीत नाही.

वाफ धरते म्हणजे काय होते?

थंड पाण्याने भरलेला तांब्या पावसाळ्यात बाहेर ठेवला की त्याच्या अंगावर थेंब जमतात. तांब्या गळत नसतो. आसपासच्या हवेतील न दिसणारी वाफ थंड धातूला लागून पाणी होते. गाडीच्या काचेचेही नेमके असेच आहे.

हवा जितकी गरम तितकी जास्त वाफ ती सामावून घेऊ शकते. एक घनमीटर हवेत ३० अंश सेल्सिअसला जास्तीत जास्त सुमारे ३० ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात राहते. २० अंशांना ते प्रमाण सुमारे १७ ग्रॅम आणि १० अंशांना ९ ग्रॅमच्या आसपास येते. हवा थंड झाली की जास्तीचे पाणी तिला सोडावेच लागते. ज्या तापमानाला हे पाणी सुटू लागते त्याला दवबिंदू म्हणतात.

पावसाळ्यातले एक उदाहरण घ्या. हवा २७ अंशांची आणि आर्द्रता ८५ टक्के असेल तर दवबिंदू सुमारे २४ अंशांवर येतो. याचा अर्थ, काच हवेपेक्षा केवळ तीन अंशांनी थंड झाली की तिच्यावर वाफ धरलीच. पावसाच्या सरीने काच बाहेरून भिजते, घाट चढताना हवा थंड होत जाते, तेव्हा हे तीन अंश कमी व्हायला कितीसा वेळ लागणार?

आता गाडीच्या आतले पाणी मोजू. लहान मोटारीत हवेची जागा साधारण तीन घनमीटर धरली तर ३० अंशांना त्या हवेत जास्तीत जास्त ९० ग्रॅमच्या आसपास वाफ मावते आणि २० अंशांना सुमारे ५० ग्रॅम. फरक अवघा ४० ग्रॅमचा, म्हणजे जेवणाच्या तीन मोठ्या चमच्यांएवढ्या पाण्याचा. शांत बसलेला एक माणूस श्वासातून व कातडीतून तासाभरात साधारण ४० ते ६० ग्रॅम पाणी हवेत सोडतो. गाडीत पाच माणसे, दोन ओल्या छत्र्या आणि भिजलेल्या चपला असतील तर काच स्वच्छ राहण्याची अपेक्षाच करू नये. फडक्याने पुसलेले पाणी हे या साठ्याचा लहानसा अंश असते. साठा आत आहे तोवर काच पुन्हा पुन्हा भरणार.

पहिली पारख : वाफ कोणत्या बाजूला?

येथे आम्ही आमचीच एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी एक ग्राहक अशीच तक्रार घेऊन आला. "एसी लावला की काच धुरकट होते," असे तो म्हणाला. आम्ही घाईत होतो. एसीत काही बिघाड असेल असे समजून गॅस काढून नवा भरला आणि पैसे घेतले. चार दिवसांनी तो परत आला. या वेळी आम्ही त्याच्याबरोबर गाडीतून एक फेरी मारली. काचेवर आतून बोट फिरविले तर रेघ उमटली नाही. वाफ बाहेरच्या बाजूला होती! त्याचा एसी उत्तम चालत होता, किंबहुना तो काचेला गरजेपेक्षा जास्त थंड करीत होता. आम्ही त्याचे पैसे परत केले. त्या दिवसापासून आमच्याकडे पाना हातात घेण्याआधी बोट काचेवर फिरविण्याचा नियम झाला.

पारख अशी करावी. गाडी बाजूला उभी करा आणि आतून काचेवर बोटाने रेघ ओढा. रेघ स्वच्छ उमटली तर वाफ आतून आहे. उमटली नाही तर ती बाहेरून आहे. बाहेरच्या बाजूची वाफ वायपरच्या एका फेऱ्यात निघते, आतली निघत नाही. दोन्हींचा इलाज एकमेकांच्या उलट आहे, म्हणून ही पारख आधी झालीच पाहिजे.

वाफ बाहेरून असेल तर वायपर चालवा, थंड हवेचा झोत काचेवरून काढून अंगाकडे किंवा पायांकडे वळवा आणि एसीची थंडी थोडी कमी करा. बाहेरची हवा दमट आणि उबदार, काच मात्र आतल्या थंड झोताने गार झालेली, म्हणून दव बाहेर धरते. अशा वेळी पुष्कळ चालक घाबरून काचेवरचा झोत अधिक जोरात सोडतात आणि काच आणखी पांढरी होते.

वाफ आतून असेल तर आतली दमट हवा वाळविणे किंवा बाहेर घालविणे हाच उपाय आहे. तो कसा करावा ते पुढे पाहू.

एसी हे हवा वाळविण्याचे यंत्र आहे

एसी म्हणजे केवळ थंडावा, असा समज आहे. खरे म्हणजे एसी हवा वाळवतोही. दमट हवा थंड कॉइलवरून जाते तेव्हा तिच्यातील वाफ कॉइलवर पाणी होऊन साचते आणि नळीवाटे गाडीखाली टपकते. दमट दिवसात एसी लावून उभ्या असलेल्या गाडीखाली पाणी पडताना दिसते, ते हेच. तेवढे पाणी आतल्या हवेतून कमी झाले असे समजावे.

म्हणून आतून वाफ धरली की पुढील क्रम ठेवावा. प्रथम एसी चालू करा. मग हवेची दिशा समोरच्या काचेकडे वळवा; त्या बटणावर काचेचे चित्र आणि वर जाणारे वाकडे बाण असतात. हवा बाहेरून आत येईल असे बटण ठेवा. ज्या चित्रात बाण गाडीच्या आतच गोल फिरतो ते बंद असावे. पंखा वाढवा. थंडी वाजत असेल तर एसी बंद न करता त्याच्या जोडीला हीटरचा काटा गरमकडे फिरवा. एसी आणि हीटर एकत्र लावणे अनेकांना विचित्र वाटते, पण त्यात चूक काही नाही. कॉइल हवेतले पाणी काढून घेते आणि हीटर त्याच हवेला ऊब देतो. कोरडी आणि उबदार हवा काच सर्वांत लवकर साफ करते, शिवाय काचेला थंड करून बाहेरून दव धरण्याची वेळही आणीत नाही.

काश्मीर किंवा हिमाचलसारख्या थंड मुलखात गाडी नेणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे की पारा शून्याच्या जवळ गेला की बहुतेक गाड्यांचा कॉम्प्रेसर चालू होत नाही. कॉइलवर बर्फ धरू नये म्हणून तशी योजना असते. तेथे हीटर आणि बाहेरची कोरडी हवा यांवरच भिस्त ठेवावी. बर्फ धरलेल्या काचेवर गरम पाणी कधीही ओतू नये, काच तडकते.

घाटात एसी बंद केल्यावर काय होते?

चाचांच्या मुलाची चूक अनेक चालक करतात, म्हणून ती नीट समजून घेऊ. एसी चालू असताना कॉइल पाण्याने भिजलेली असते. एसी बंद केला पण पंखा चालू ठेवला की कॉइल उबदार होऊ लागते आणि तिच्यावरचे सगळे पाणी वाफ होऊन पंख्याबरोबर पुन्हा आत येते. समोर काच गार असतेच. त्यामुळे एसी बंद केल्यावर थोड्याच वेळात काच एकदम पांढरी होते, आणि तीही नेमकी घाटाच्या वळणावर. त्यात हवा आतल्या आत फिरत असेल तर त्या वाफेला बाहेर जायला वाटच उरत नाही.

यावर उपाय दोन. पावसात चढण असली तरी एसी चालू ठेवावा आणि गिअर एक खाली घ्यावा. इंजिन अगदीच ओढत नसेल तर घाट सुरू होण्याच्या बऱ्याच आधी, सरळ रस्त्यावर एसी बंद करावा, बाहेरची हवा उघडावी आणि दोन्ही बाजूंच्या काचा दोन बोटे खाली घ्याव्यात. वळणावर पोहोचण्यापूर्वी कॉइल वाळलेली असेल.

ज्या गाडीला एसी नाही

आपल्या अनेक बांधवांचे टेम्पो आणि जुन्या गाड्या बिनएसीच्या आहेत. त्यांच्यासाठी हवा खेळती ठेवणे हाच मुख्य मार्ग. पुढची एक आणि तिरकस समोरची मागची एक अशा दोन काचा बोटभर उघड्या ठेवल्या तर हवा आरपार जाते. एकच काच उघडली तर तेवढा उपयोग होत नाही. पंखा आणि हीटर असेल तर दोन्ही काचेकडे वळवून लावावेत.

काच आतून स्वच्छ असणे फार महत्त्वाचे आहे. धूळ, तंबाखूचा धूर, हातांचा तेलकटपणा आणि उन्हात तापलेल्या डॅशबोर्डमधून उडणारा तेलकट अंश यांचा पातळ थर काचेवर बसतो. अशा थरावर वाफेचे बारीक बारीक गोल थेंब धरतात आणि समोरून येणाऱ्या दिव्याचा उजेड त्यांवर फुटून काहीच दिसत नाही. स्वच्छ काचेवर पाणी सपाट पसरते आणि त्यातून बरेचसे दिसते. आठवड्यातून एकदा पाण्यात साबणाचे दोन थेंब टाकून काच आतून पुसा, मग साध्या पाण्याच्या फडक्याने आणि शेवटी कोरड्या सुती कापडाने पुसा. डॅशबोर्डला चमक आणणारे पॉलिश ज्या फडक्याने लावले ते फडके काचेला लावू नका.

कोणी बटाट्याची फोड घासतात, कोणी साबण, कोणी दाढीचा फेस. साबण किंवा फेस काचेवर लावून कोरड्या कापडाने पूर्ण पुसून काढला तर मागे जो अतिशय पातळ थर राहतो त्यामुळे थेंब न बनता पाणी पसरते. वाफ धरणे थांबत नाही, मात्र काचेतून दिसत राहते. दोन-चार दिवसांत त्याचा गुण जातो. थर जाड राहिला तर रात्री समोरच्या दिव्याने डोळे दिपतात, म्हणून हे काम सावकाश आणि दिवसाउजेडी करावे.

कारागिरांसाठी तपासणीचा क्रम

ग्राहक गाडी घेऊन आला की पुढील क्रमाने पाहावे. यातील बहुतेक तपासण्यांना हत्यार लागत नाही.

१. बोटाची रेघ ओढून वाफ कोणत्या बाजूची ते ठरवा.

२. ग्राहक कोणते बटण केव्हा दाबतो ते त्याच्याच तोंडून ऐका. हवा आत फिरविणारे बटण कायम चालू ठेवण्याची सवय हे फार नेहमीचे कारण आहे. बटण नीट असूनही आतली झडप अडकलेली असू शकते, तीही पाहा.

३. चारही फूटमॅट उचला. खालच्या गालिच्यावर कोरडे वर्तमानपत्र ठेवून हाताने दाबा. कागद ओला झाला तर पाण्याचा उगम शोधायलाच हवा.

४. दमट दिवशी दहा-पंधरा मिनिटे एसी चालवून गाडीखाली पाणी टपकते का ते पाहा. टपकत नसेल आणि डाव्या पायाखालचा गालिचा ओला असेल तर नळी बुजली असण्याची शक्यता मोठी. आपल्याकडील बहुतेक मोटारींत कॉइल डाव्या बाजूला, डॅशबोर्डच्या खणामागे असते. नळी मोकळी करताना टोकदार तार आत खुपसू नका, कॉइलला भोक पडले तर खरोखरच गॅस जाईल.

५. केबिन फिल्टर काढून पाहा. तो पानांनी आणि धुळीने भरला असेल तर काचेपर्यंत वारा पोहोचत नाही. पावसाळ्याच्या तोंडावर वर्षातून एकदा तो पाहावाच. वायपरखालच्या जाळीत साचलेला पालापाचोळाही काढा.

६. दरवाजाचे रबर, काचेचे बीडिंग, डिकीचे रबर आणि मागच्या दिव्यांची सांध पाहा. एकाने टॉर्च घेऊन आत बसावे आणि दुसऱ्याने बाहेरून पाइपने पाणी सोडावे, तेही खालून सुरू करून हळूहळू वर जावे. वरून सुरू केले तर पाणी सगळीकडे ओघळते आणि नेमकी जागा सापडत नाही. दरवाजाच्या तळाची पाणी जाण्याची भोके उघडी आहेत का तेही तपासा.

७. काचेवरची वाफ चिकट, तेलकट वाटते, गोडसर वास येतो आणि कूलंटची पातळी उतरते, अशी तीन लक्षणे एकत्र दिसली तर हीटरची जाळी गळते आहे. हे काम पुढे ढकलू नये. कूलंट विषारी असते आणि ते कमी झाले तर इंजिनही बसते. इंजिन गरम असताना रेडिएटरचे झाकण मात्र उघडू नका.

८. हवा बाहेर जाण्याची वाट तपासा. बहुतेक मोटारींच्या मागील बाजूस, डिकीच्या कडेला हवा निघून जाण्याच्या जाळ्या असतात. मालाची पोती त्यांना टेकवून ठेवली की आत येणारा वाराही मंदावतो.

एवढे पाहूनही कारण सापडले नाही तरच एसीच्या गॅसकडे वळावे. एसीचा गॅस हा पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो बंद नळ्यांमध्ये फिरतो. कमी झाला असेल तर कोठेतरी गळती आहे. गळती न शोधता दरवर्षी गॅस भरून देणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी भरण्यासारखे आहे.

मागच्या काचेवर उब देणाऱ्या बारीक रेषा असतात. त्या रेषांच्या दिशेनेच, आडव्या हाताने, मऊ कापडाने पुसावे. जाहिरातीचे कागद खरवडताना ब्लेड लागून रेषा तुटते आणि तेवढा पट्टा धुरकट राहतो. तुटलेली रेषा चांदीयुक्त वाहक रंगाने जोडता येते, त्यासाठी पूर्ण काच बदलायला सांगू नये.

सामान विकणाऱ्या दुकानदारांसाठी

पावसाळ्यात ओलावा शोषणाऱ्या पुड्या, वाफरोधक फवारे आणि कापडे यांना मागणी असते. ती जरूर विकावीत, पण त्यांचा खरा गुण सांगून. सिलिका जेल स्वतःच्या वजनाच्या साधारण पाव ते तिसऱ्या हिश्श्याइतके पाणी धरते. २०० ग्रॅमची पुडी म्हणजे फार तर ५०-६० ग्रॅम पाणी, एका माणसाच्या तासाभराच्या श्वासाइतके. रात्रभर बंद उभ्या गाडीतला ओलावा कमी करण्यास ती कामाची, पण पाच माणसे बसलेल्या चालत्या गाडीत तिच्यावर विसंबता येणार नाही. भरलेली पुडी, तिच्यावरील सूचनेप्रमाणे, पुन्हा तापवून कोरडी करावी लागते हेही ग्राहकाला सांगावे.

काही लोक वाटीत मीठ ठेवतात. आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ ओलावा ओढून पाझरते. हे खारे पाणी सांडले तर गाडीचा पत्रा गंजतो. हा उपाय सुचवू नये.

माल वाहणाऱ्यांसाठी

बर्फातली मासळी, धुतलेली भाजी, लाँड्रीचे दमट कपडे आणि गरम पाव हे सगळे पाण्याचे चालते साठे आहेत. चालक आणि माल यांच्यामध्ये जाड प्लॅस्टिकचा किंवा फळीचा पडदा लावावा. मासळीचे पाणी बाहेर जाईल अशी सोय ठेवावी. पाव पूर्ण थंड करून भरावा. गरम पाव बांधला तर आत पाणी सुटते आणि बुरशीही लवकर धरते, म्हणजे काच आणि माल दोन्हींचे नुकसान. ओले गोणपाट रात्री गाडीत ठेवू नये. पाऊस उघडला आणि ऊन पडले की तासभर दरवाजे उघडून गाडी वाळवावी.

एक इशारा महत्त्वाचा. काच साफ व्हावी म्हणून बंद शेडमध्ये किंवा शटर ओढलेल्या गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून बसू नये, आणि काचा बंद करून इंजिन चालू ठेवून झोपूही नये. धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो माणसाला झोपेतच मारतो.

शेवटी

चाचांची व्हॅन पुढच्या पावसाळ्यातही त्याच घाटातून जात राहिली. चाचा आमच्याकडे पुन्हा आले ते तक्रार घेऊन नव्हे, तर दुसऱ्या एका बेकरीवाल्याला सोबत घेऊन. वाटेतच त्यांनी त्याला विचारले होते, "रेघ ओढून पाहिलीस का?" नवा ग्राहक जाहिरातीशिवाय कसा मिळतो, ते आम्हाला त्या दिवशी दिसले.

कारागीर बंधूंनो, ज्या कामात भाग बदलायचा नाही त्या कामाचेही मोल असते. तपासणीचे रास्त पैसे उघडपणे सांगून घ्यावेत, पण न झालेल्या बिघाडाचे पैसे घेऊ नयेत. आणि चालक बंधूंनो, काच पांढरी होऊ लागली की चालत्या गाडीत फडके शोधू नका. वेग कमी करा, सुरक्षित जागी थांबा, रेघ ओढून बाजू ओळखा आणि मगच इलाज करा. दोन मिनिटे उशीर झाला तरी पाव विकला जातोच.